नरहरीची ऐरण आणि सरकारचा रस्ता

एका गावात एक भोळा तांबट होता, आणि अख्ख्या गावाला तो एकटा पुरून उरत होता. नाव त्याचं नरहरी.

गावाचं नाव ठोकेवाडी. घरोघरी तांब्याची भांडी घडवायचा धंदा. दिवस उगवला की या घरातून ठाक, त्या घरातून ठुक. त्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून गावातलं प्रत्येक माणूस ओरडूनच बोलायचं. नवराबायको लाडानं दोन शब्द बोलले तरी शेजारच्या गावातले लोक भांडण सोडवायला धावत यायचे. तान्ही पोरं तर ठोक्यांशिवाय झोपतच नसत. आपल्याकडं अंगाई म्हणतात, तिकडं हंडा ठोकतात.

नरहरी अंगानं धिप्पाड, हातानं कसबी आणि मनानं अगदी निर्मळ. सांगाल ते करायचा. म्हणजे सांगाल तेच करायचा. यातला धोका लोकांना जरा उशिरा कळायचा. त्याच्या बायकोला, चिमाला, तो लग्नाच्या दिवशीच कळला होता. भटजी म्हणाले, "आता नवरीकडं बघा." नरहरी बघायला लागला. वरात निघाली, नवरी मागं डोलीत, नवरदेव पुढं घोड्यावर मान मागं वळवून, आणि वेशीपाशी नवरदेव चिखलात.

तर एका वर्षी मंदी आली.

शहरातले व्यापारी भांडी उचलेनात. घडवलेले हंडे अंगणात पडून राहिले. एकेक करून गावातले ठोके बंद झाले. इतकी शांतता झाली की तान्ही पोरं दिवसरात्र टक्क जागी, आणि त्यांच्या आयाही.

पारावर लोक कपाळाला हात लावून बसले होते. कुणीतरी म्हणालं, "मंदी आलीय बाबा."

नरहरीनं विचारलं, "कुठं उतरलीय?"

"सगळीकडं."

नरहरी घरी आला आणि म्हणाला, "चिमे, मंदी आलीय म्हणं. आपल्याकडंबी येईल. एक भाकरी जास्तीची टाक."

चिमा म्हणाली, "अवो, ती भाकरी खायला न्हाई, पळवायला आलीय!"

झालं. नरहरी जाऊन पिठाच्या डब्यावर बसला. उठेना. चिमानं विनवलं, ओरडून पाहिलं, डबा हलवून पाहिला. डब्यावर नरहरी, मग डबा कसला हलतोय! दिवस मावळला. त्या दिवशी घरात भाकरी झालीच नाही.

"बघ," नरहरी म्हणाला. "डब्यावर बसून ऱ्हायलो तरी पळवलीच तिनं."

हसताय काय? पुढं ऐका.

गावात आता धोंडीशेठ भंगारवाल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पिठाचं पोतं दाखवायचा आणि तांबटाची ऐरण मागायचा. पोरांची तोंडं बघून लोक ऐरणी देत गेले, आणि धोंडीशेठ त्या ऐरणी शहरातल्या भट्टीत वितळवायला धाडत गेला. होता होता गावात एकच ऐरण उरली. नरहरीची. त्याच्या आज्यापासून चालत आलेली, भलीमोठी, गावातले सगळ्यात मोठे हंडे तिच्यावरच घडायचे.

चिमानं धोंडीशेठला दारातूनच सांगितलं, "ऐरण मिळायची न्हाई. आज मंदी हाय, उद्या जाईल. ऐरण गेल्यावर आम्ही काय पाटावर हंडे ठोकायचे?"

"बघू," धोंडीशेठ हसून म्हणाला. "भूक काय कुणाला चुकलीय? मी पुढच्या बाजाराला येतो."

तेवढ्यात सरकारला जाग आली. मंदीत लोकांच्या हाताला काम द्यायचं ठरलं. ठोकेवाडीपासून मोठ्या सडकेपर्यंत रस्ता करायचा आणि मजुरी म्हणून धान्य द्यायचं. तालुक्याहून गुर्जर साहेब येऊन मोजणीची फीत टाकून गेले आणि सोनबा मुकादमाला देखरेखीला ठेवून गेले. सोनबा परगावचा. ठोकेवाडीची माणसं नुसती 'राम राम' म्हणाली तरी तो दचकायचा.

पहिल्या दिवशी नरहरी कामावर गेला. मुकादमानं त्याला एक मोठा दगड दाखवला.

"हातोडी चालवता येते ना?"

"जन्मापास्नं."

"मग चालव."

आता तांबटाची हातोडी कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. हलक्या हातानं, एकाला लागून एक, सारखे ठोके द्यायचे. भांड्याला खळी पडता कामा नये, नुसती चमक यायला हवी. नरहरीनं दगडावर तशीच हातोडी चालवली. दिवसभर. बाकीच्यांनी खडीचे ढीग लावले, आणि संध्याकाळी नरहरीपुढं एकच दगड होता. गोल, गुळगुळीत, लकलकता. वाटेनं जाणाऱ्या एका म्हातारीनं त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि पाऊस मागून घेतला.

मुकादम धावत आला. "नऱ्या, हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत त्येच. चालवली."

"अरे, एका दगडाला कुरवाळत बसायचं नसतं! मोठं दिसलं की त्याचे चार करायचे! कळलं?"

"कळलं," नरहरी म्हणाला.

नरहरी 'कळलं' म्हणाला की जरा सावध व्हायला हवं. मुकादम नवीन होता, तो निर्धास्त घरी गेला. दगडाला मात्र बायांनी ठोकोबा असं नाव दिलं आणि वडाखाली नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी मजुरांसाठी सरकारी घोंगड्या आल्या. थंडीचे दिवस होते. मुकादमाला वाटलं, हे सोपं काम आहे, हे याला द्यावं. "नऱ्या, घोंगड्या वाटून टाक."

नरहरीनं पहिली घोंगडी उलगडली. चांगली मोठी दिसली. त्यानं सुरी घेतली आणि तिचे चार केले. मग दुसरीचे. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या हातात घोंगडीचा एकेक तुकडा. गुडघे झाकावे तर खांदे उघडे, खांदे झाकावे तर गुडघे उघडे.

"नऱ्या, हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत त्येच. मोठं दिसलं, चार केले."

मुकादमानं मुंडासं काढून जमिनीवर आपटलं. "अरे, सरकारनं दिलेल्या वस्तूला कात्री लावायची नसते! जशी आली तशी, अख्खीच्या अख्खी पुढं द्यायची! उद्यापासून येऊ नकोस कामावर!"

हे ऐकून चिमा धावत आली. "मुकादम, असं करू नगा. यांचं काम गेलं तर धान्य गेलं, धान्य गेलं तर ऐरण गेली. ती गावातली शेवटची ऐरण हाय हो. पाया पडते." ती गयावया करत होती, पण ठोकेवाडीच्या आवाजात, त्यामुळं मुकादमाच्या कानात दडे बसले. तो म्हणाला, "बरं बरं, येऊ दे, पण हळू बोल."

मग नरहरीला अन्नछत्रावर घेतलं. ज्यांना काम झेपत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथं सरकारी लापशी मिळायची. गाडीतून गव्हाच्या भरड्याचं पोतं उतरलं, गुळाची ढेप उतरली. मुकादम म्हणाला, "रांगेतल्या लोकांना दे." आणि तो रस्त्याकडं गेला.

रांगेत पहिली होती जनाकाकू. डोळ्यांनी अधू, कमरेत वाकलेली. नरहरीनं पोतं उचललं, जसं आलं तसं, अख्खंच्या अख्खं, आणि जनाकाकूच्या पदरात टाकलं. जनाकाकू पोत्याखाली गेली. वर त्यानं ढेपही ठेवली.

लोक ओरडले. पोत्याखालून जनाकाकूचा आवाज आला, "सरकार लई देतंय रं पोरा, पण जरा बेतानं देत जा म्हणावं!"

मुकादम आला, चार जणांनी मिळून म्हातारीला बाहेर काढलं. तिला काही झालं नव्हतं. ढेप मात्र ती सोडेना.

"नऱ्या, हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत त्येच. जसं आलं तसं दिलं."

मुकादम आता रडकुंडीला आला. "अरे देवा! एकालाच सगळं द्यायचं नसतं! जे असेल ते सगळ्यांना सारखं वाटायचं! थोडं थोडं! सारखं! कळलं?"

"कळलं," नरहरी म्हणाला.

या सगळ्या त्राग्यानं म्हणा, की सरकारी लापशीनं म्हणा, मुकादमाचं पोट बिघडलं. म्हणजे अडलं. काही केल्या मोकळं होईना. त्यानं वैद्याकडून एरंडेल मागवलं. आणायला कोण मोकळं होतं? नरहरी.

नरहरी बाटली घेऊन निघाला. चालता चालता त्याला धडा आठवला. जे असेल ते सगळ्यांना सारखं. त्यानं बाटली पाण्याच्या रांजणात ओतली, चांगली ढवळली, आणि जेवणाच्या सुट्टीत एकालाही न चुकवता सगळ्यांना तांब्या तांब्या पाणी दिलं. मुकादमालाही दिलं. मुकादमाला तहान नव्हती, त्यानं एकच घोट घेतला.

नेमके त्याच दुपारी गुर्जर साहेब तपासणीला आले. बघतात तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. फावडी पडलीत, घमेली पडलीत, आणि आजूबाजूच्या झुडपांत मात्र दाटी झालेली. रस्त्याच्या मधोमध एकटा मुकादम उभा, पोटावर हात ठेवून.

"मजूर कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

मुकादमानं झुडपांकडं पाहिलं. एका झुडपातून ठोकेवाडीच्या आवाजात उत्तर आलं, "हजर हाय साहेब! फकस्त उठता येत न्हाई!"

त्या दिवशी मुकादमानं नरहरीला ओरडायचंही सोडून दिलं. त्यानं त्याचा हात धरला आणि त्याला रोलरपाशी नेलं. रस्ता दाबायला तालुक्याहून आलेला तो लोखंडी रोलर तेव्हा नरहरीच्याच घरासमोर उभा होता.

"नरहरी," मुकादम हात जोडून म्हणाला, "तू आता काही वाटू नकोस, काही फोडू नकोस. हा रोलर बघ. हा गावात कुणाच्या बापाला हलायचा नाही. याच्यापाशी बसून राहा. आणि झालेल्या रस्त्याला कुणी कुदळ लावू देऊ नकोस. रस्ता सरकारी आहे. जो खणेल तो तुरुंगात जाईल. कळलं?"

"कळलं," नरहरी म्हणाला, आणि बसला. खरं सांगतो, फार छान बसला. धान्यही मिळत राहिलं.

मग बाजाराचा दिवस आला आणि धोंडीशेठ गावात दिसला. चिमाची पाचावर धारण बसली. तिनं नरहरीला घरात ओढलं, दार लावलं आणि त्याच्या कानाशी लागून कुजबुजली, "अवो, ऐरण माळ्यावर लपवा."

पण कुजबुजणं ठोकेवाडीत कुणाला येत होतं? वडाखाली बसलेला धोंडीशेठ तिथूनच म्हणाला, "माळ्यावर नको वैनी, माळा मोडंल!"

चिमानं दार अजून घट्ट लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे बघा," ती म्हणाली, "तुम्हीच कुठंतरी ठेवा. जिथं कुणी हात लावणार न्हाई अशा जागी. आन् कुठं ठेवली ते मलाबी सांगू नगा. पोरं भुकेनं रडली की माझंच मन फिरंल, मीच उठून त्याला देऊन बसंन. मला माझाच भरवसा न्हाई. फकस्त एक करा. तिथं चांगली मोठी खूण ठेवा, कुणाला हलणार न्हाई अशी. आन् काढायची वेळ आली की खुणेपाशीच खणा, दुसरीकडं न्हाई."

"कळलं," नरहरी म्हणाला.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा नरहरीनं विचार केला. कुणी हात लावणार नाही अशी जागा? सरकारी रस्ता. खणेल तो तुरुंगात जाईल. कुणाला हलणार नाही अशी खूण? रोलर. गावात कुणाच्या बापाला हलत नाही. मुकादमच म्हणाला होता. रोलरच्या पुढ्यात अजून न दाबलेली खडी होती. नरहरीनं ती बाजूला केली, खड्डा केला, ऐरण आत ठेवली, वर माती टाकली, खडी सारखी केली. मग रोलरला हात लावून पाहिला. हलला नाही. नरहरीला फार समाधान वाटलं.

धोंडीशेठनं माळा पाहिला, चूल पाहिली, गोठा पाहिला. ऐरण कुठंच नाही. तो पाय आपटत निघून गेला.

संध्याकाळी रोलरचा ड्रायव्हर आला, त्यानं यंत्र सुरू केलं आणि रोलर ऐरणीवरून धडधडत पुढं गेला. नरहरी बघत राहिला. त्याला वाटलं, खूण जरा पाय मोकळे करायला चाललीय, येईल परत.

रोलर रस्ताभर फिरला. रस्ता पुरा झाला. गुर्जर साहेब आले, हार घातले गेले. साहेब म्हणाले, "काम पूर्ण झालं. आता मदतही पूर्ण झाली." रोलर तालुक्याला गेला, मुकादम घरी गेला, धान्य बंद झालं.

रस्ता मात्र सुरेख झाला होता, हे मान्य करायला हवं. त्यावरून उपाशी माणूससुद्धा झरझर चालायचा. कुठं जायचं तेवढं ठरलेलं नव्हतं.

पुन्हा चुली थंडावल्या. पोरं पुन्हा टक्क जागी. आणि अशात एके सकाळी त्या रस्त्यावरून लाल रंगाची एक लॉरी भोंगा वाजवत आली. आत तांब्याचे पत्रे. बरोबर सोनबा मुकादम, हातात सरकारी हुकूम. जिल्हाभर अशीच मदतीची कामं चालली होती आणि उन्हाळा तोंडावर आला होता. सगळ्या कामांवर पिण्याच्या पाण्यासाठी मोठे हंडे हवे होते. ठोकेवाडीनं ते घडवून द्यायचे.

गावात आनंदाचा कल्लोळ झाला. आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं. हंडे घडवायचे कशावर? ऐरणी तर विकून खाल्ल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "ठोकोबावर ठोकू." बाया त्याच्या अंगावर धावून गेल्या.

"आमची हाय!" चिमा ओरडली. "आमची ऐरण हाय! अवो, काढा ऐरण!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. नरहरीनं कुदळ खांद्यावर टाकली, घरातून बाहेर आला, घरासमोरचा रस्ता ओलांडला आणि चालू लागला. गाव मागोमाग. नरहरी वेशीबाहेर गेला, सडकेला लागला, थेट तालुक्याला पोचला. गुर्जर साहेबांच्या कचेरीच्या अंगणात रोलर उभा होता. नरहरीनं रोलरच्या पुढ्यात कुदळ मारली.

त्या अंगणात साहेबांनी हौसेनं शेवंती लावली होती. शेवंती गेली. मग पायरी गेली. साहेब खिडकीतून ओरडले, "अरे, काय चाललंय?"

"ऐरण काढतोय साहेब."

"माझ्या अंगणात?"

"खूण इथं हाय," नरहरी म्हणाला.

'खुणेपाशी पुरली' एवढंच नरहरी बोलला, आणि हळूहळू उलगडा झाला. ऐरण रस्त्याखाली, खूण रोलरची, आणि रोलर रस्ताभर फिरलेला. आता ती रस्त्यात नेमकी कुठं, कोण सांगणार? सगळे एकदम बोलायला लागले, म्हणजे ओरडायला लागले. नरहरी म्हणाला, "पण मी काय म्हंतो—"

"तू गप!" मुकादम कडाडला. "तू आता कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाहीस! कळलं?"

नरहरीनं मान डोलावली. 'कळलं'सुद्धा म्हणाला नाही. विचारलं तर तोंड उघडायचं, हे खरं, पण मान डोलावून भागत होतं.

गुर्जर साहेब येरझाऱ्या घालू लागले. सरकारी रस्ता उकरायला परवानगी देता येत नव्हती. आणि हंडे नाही झाले तर जिल्हाभरातले मजूर उन्हात तहानलेले राहणार, तेही त्यांच्याच गळ्यात येणार. शेवटी ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "रस्ता खणायला मी परवानगी देऊ शकत नाही. पण एखादा रस्ता उखडलेला आढळला, तर त्याच्या दुरुस्तीचं काम मी काढू शकतो. मजुरी धान्यात."

हे मात्र गावाला एका क्षणात कळलं.

सडकेच्या टोकापासून खणायला सुरुवात झाली. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे. ज्या हातांनी रस्ता केला त्याच हातांनी उखडला, आणि करण्यापेक्षा उखडायला उत्साह जास्त होता. जनाकाकूसुद्धा काठीनं खडी उकरत होती. नरहरी सगळ्यांच्या पुढं, घामानं निथळत, एक शब्द न बोलता. खणत खणत गाव वेशीत आलं, वडापाशी आलं, ठोकोबाला वळसा घालून पुढं आलं. रस्ता संपत आला. चिमाचं तोंड सुकलं. तिला वाटलं, गेली ऐरण, कुणीतरी आधीच नेली.

आणि अगदी शेवटी, नरहरीच्या घरासमोर, कुदळीखाली 'ठण्ण' झालं.

चिमानं ऐरणीला मिठीच मारली. रडली, हसली, पदरानं तिच्यावरची माती पुसली. मग एकदम थांबून तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"अवो, ही इथं घरासमोर हाय, हे तुम्हाला ठावं होतं?"

नरहरीला आता विचारलं होतं. त्यानं तोंड उघडलं. "व्हतं की."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तूच म्हणालीस, कुठं ठेवली ते सांगू नगा. आन् मुकादम म्हणले, विचारल्याबिगर बोलू नगंस."

"मग इथं खणलं का न्हाई पयल्यांदा?"

"खूण कुठं होती इथं?" नरहरी म्हणाला.

मुकादम ठोकोबापाशी जाऊन बसला. बराच वेळ बसला.

पण एक गोष्ट झाली. ऐरण घरात गेली आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला ठोकेवाडीत पुन्हा ठाक ठुक सुरू झाली. गावातले सगळे तांबट आळीपाळीनं त्या एका ऐरणीवर हंडे घडवू लागले. पहिला ठोका पडला आणि गावातली झाडून सगळी तान्ही पोरं झोपली. उरलेल्या माणसांना उखडलेल्या रस्त्याचं काम होतंच, कारण हंडे न्यायला लॉरी यायची तर रस्ता हवा. एका रस्त्यावर ठोकेवाडी दोनदा जेवली.

लॉरी येऊ शकेल इतका रस्ता पुन्हा झाला, रोलर येऊन दाबून गेला, आणि जिल्ह्याचे मोठे साहेब पाहणीला आले. सरकारनं मदत केली खरी, पण तिचा लोकांना काही उपयोग होतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी चिमाला विचारलं, "बाई, सरकारच्या मदतीनं तुमचं भागलं का?"

चिमा म्हणाली, "साहेब, धान्य आलं तवा पोट भरलं. त्येचं खोटं कशाला बोलू, ते नसतं तर आम्ही ऱ्हायलो नसतो. पर जीव थाऱ्यावर आला तो ऐरणीवर ठोका पडला तवा."

मोठे साहेब खूश झाले. रस्ता पाहिला, हंडे पाहिले, झोपलेली पोरं पाहिली. असं कामात गढलेलं गाव जिल्ह्यात दुसरं नाही, म्हणाले, आणि आधीपेक्षा मोठ्या कामाचा हुकूम तिथल्या तिथं दिला. नवे पत्रेही लॉरीतून लगेच उतरवून घेतले. जाता जाता ऐरण ज्याची, त्या नरहरीच्या पाठीवर त्यांनी थाप मारली.

"शाबास!" ते म्हणाले. "असंच चालू ठेवा!"

टाळ्यांच्या कडकडाटात कुणी ऐकलं नाही, पण नरहरी म्हणाला, "कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल लॉरी नरहरीच्या घरासमोर हंड्यांनी गच्च भरून उभी होती. दोर आवळले गेले. ड्रायव्हर आणि मुकादम वडाखाली चहा प्याले. बायांनी लॉरीला ओवाळलं. भोंगा वाजला, लॉरी निघाली, नव्या रस्त्यावरून धूळ उडवत वेशीबाहेर पडली. गाव टाळ्या वाजवत होतं.

चिमा पदर खोचून घरात गेली. नवे पत्रे तयार होते, भाता फुंकून झाला होता, तांबट हातोड्या घेऊन दारात उभे होते. आणि ऐरणीची जागा रिकामी होती.

चिमा बाहेर आली. नरहरी ओट्यावर बसून हातापायांची माती झटकत होता.

"अवो," ती म्हणाली, "ऐरण कुठाय?"

नरहरीला विचारलं होतं, म्हणून त्यानं सांगितलं. "ठेवली की रस्त्यात. समदे चहा पीत व्हते तवा. मोठे साहेब म्हणले न्हवं का, असंच चालू ठेवा."

दारातल्या तांबटांच्या हातोड्या खाली पडल्या. चिमानं डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि अगदी जपून विचारलं, "आन् खूण?"

"केलीय की. चांगली मोठी. लाल." नरहरीनं बोट दाखवलं. तिकडं दूर चढावर लाल लॉरी टेकाडामागं दिसेनाशी होत होती.

"अगं चिमे, खूण चालली!" नरहरी ओरडला, कुदळ उचलली आणि लॉरीच्या मागं धावत सुटला.

"अवो, माघारी या! घरासमोर खणा!"

"तिथं खूण न्हाई गं!"

चिमाच्या हाका ऐकून शेजारच्या गावातले लोक नेहमीसारखे भांडण सोडवायला धावत आले. पण या खेपेला त्यांनी येताना आपापल्या कुदळी आणल्या होत्या. ठोकेवाडीत रस्ता उखडला की धान्य मिळतं, हे आता त्यांनाही कळलं होतं.